लहान मुलांची आकडी आणि अपस्मार: जुन्या वैद्यांनी फरक कशावरून ओळखला

प्रश्न असा आहे की, लहान मुलांना तापात किंवा दात येण्याच्या वयात येणारी आकडी आणि जन्मभर सोबत करणारा अपस्मार, म्हणजे बोलीतले फेफरे, हे दोन वेगळे आजार आहेत याची जाण प्राचीन वैद्यकाला होती का, की सारे एकाच नावाखाली मोडत होते. मुलांच्या मेंदूविकारांवर उपचार करणे हा माझा व्यवसाय आणि वैद्यकाचा इतिहास वाचणे ही जुनी आवड, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे. माझे मत आधीच सांगतो. नावांच्या बाबतीत सरमिसळ होती, कारणांच्या बाबतीत तर गोंधळच होता. परंतु रोगाचे पुढे काय होणार हे सांगण्याची वेळ आली की जुने वैद्य या दोहोंत बराच स्पष्ट भेद करत. म्हणून त्यांच्या व्याख्या वाचून फारसे हाती लागत नाही. हे मूल जगेल का, आणि जगले तर हा त्रास पुन्हा होईल का, या दोन प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे वाचली पाहिजेत.

मुळात अडचण अशी की, झटक्याच्या रूपावरून हा भेद करता येत नाही. अंग ताठरते, डोळे वर फिरतात, दातखीळ बसते, हातपाय झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो आणि मग मूल गाढ झोपी जाते. हे दृश्य साध्या तापातल्या आकडीत, अपस्मारात, मेंदूज्वरात आणि रक्तातील साखर किंवा कॅल्शियम उतरल्यावर जवळजवळ सारखेच असते. आजही आम्ही आईवडिलांना वय, ताप, झटक्याचा अवधी, तो एका अंगाचा होता की सर्वांगाचा, आधीची वाढ कशी होती आणि घरात आणखी कुणाला असे होते का, हेच विचारतो. शिवाय वैद्य पोहोचेपर्यंत झटका बहुधा ओसरलेला असतो आणि निदान दुसऱ्याने पाहिलेल्या गोष्टीवर उभे करावे लागते. ही मर्यादा त्या काळीही होती आणि आजही आहे.

ग्रीक वैद्यकापासून सुरुवात करू. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात ‘पवित्र रोगाविषयी’ हा अपस्मारावरचा निबंध आहे. हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे, या प्रतिपादनासाठी तो प्रसिद्ध आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र त्याच संग्रहातला रोगभाकितावरचा दुसरा ग्रंथ अधिक मोलाचा ठरतो. त्याच्या शेवटच्या भागात म्हटले आहे की, ताप तीव्र असेल, शौचाला होत नसेल, मूल झोपत नसेल, दचकत असेल, रडत असेल आणि त्याचा रंग बदलत असेल, तर त्याला आकडी येते. पुढे वय सांगितले आहे: अगदी तान्ह्या वयापासून सातव्या वर्षापर्यंत असे सहज घडते, त्याहून मोठ्या मुलांना आणि प्रौढांना तापात आकडी येत नाही, आणि आलीच तर तिच्याआधी अत्यंत वाईट चिन्हे दिसलेली असतात, जशी तापातल्या मेंदूच्या दाहात दिसतात.

मी हा उतारा विद्यार्थ्यांना अनेकदा वाचून दाखवतो, कारण त्यात तीन गोष्टी एकत्र आहेत आणि तिन्ही खऱ्या आहेत. तापाशी बांधलेली आकडी हा एक स्वतंत्र प्रकार आहे, तिला वयाची मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेबाहेर तापात झटका आला तर मेंदूच्या गंभीर विकाराचा संशय घ्यावा. आज आपण ही मर्यादा साधारण सहा महिने ते पाच वर्षे अशी धरतो. सात वर्षे म्हटल्याने फार चूक झाली असे मला वाटत नाही. या साऱ्या वर्णनात ‘पवित्र रोग’ हे नाव एकदाही येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. उलट हवा, पाणी आणि स्थळे यांवरच्या ग्रंथात, उष्ण वाऱ्यांकडे तोंड असलेल्या शहरांतील मुलांना आकडी आणि दम लागण्याचे विकार होतात आणि लोक त्यांना पवित्र रोग समजतात, अशी नोंद आहे. लोक एकत्र मोडतात आणि वैद्य जरा थबकतो, असा तो सूर आहे.

अपस्माराबद्दलची त्यांची भाकितेही वयाभोवतीच फिरतात. हिपॉक्रेटिसच्या सूत्रसंग्रहात म्हटले आहे की, वयात येण्यापूर्वी सुरू झालेला अपस्मार पालटू शकतो, पण पंचविशीनंतर सुरू झालेला बहुतेक वेळा रोग्याबरोबरच संपतो. दुसरे एक सूत्र ताप आणि झटका यांच्या क्रमावर बोट ठेवते: झटक्यानंतर ताप येणे हे तापानंतर झटका येण्यापेक्षा बरे. या सूत्राच्या मागे त्यांची द्रवदोषांची, म्हणजे शरीरातील द्रवांचा तोल बिघडून रोग होतो अशी, उपपत्ती आहे आणि ती आज कुणी मानत नाही. तरीही आधी काय आणि नंतर काय हे विचारण्याची सवय तिथे दिसते. ‘पवित्र रोगाविषयी’ या निबंधातले एक निरीक्षण तर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहिताच येणार नाही. ज्यांना या रोगाची सवय झाली आहे त्यांना झटका येणार हे आधी कळते आणि ते लोकांपासून दूर पळतात किंवा तोंड झाकून घेतात; लहान मुले सवय नसल्यामुळे प्रथम जिथे असतील तिथेच कोसळतात, आणि काही झटके येऊन गेल्यावर मात्र चाहूल लागताच आईकडे धावतात. चाहूल ओळखायला शिकलेले मूल हे वारंवार झटके येणारे मूल असते. तापात एकदाच आकडी आलेल्या मुलाकडून अशी धाव कधी दिसणार नाही.

याच निबंधात एक मोठी चूकही आहे. रोगाचे कारण मानलेल्या कफाचा ओघ थोडा असेल तर मूल वाचते, पण तोंड, डोळा, मान किंवा हात वाकडा झाल्याची खूण मागे राहते, इथपर्यंतचे वर्णन अचूक आहे. पुढे लेखक म्हणतो की, ही खूण एका अर्थी हिताचीच, कारण ज्याच्यावर ती उमटली त्याला हा रोग पुन्हा होत नाही. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे, आणि त्याकडे मी शेवटी येणार आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलनने व्याख्येला धार दिली. त्याच्या मते अपस्मार म्हणजे सर्वांगाचा झटका, जो अधूनमधून येतो आणि ज्यात शुद्ध व इंद्रियांचे काम बिघडते. यातल्या ‘अधूनमधून’ आणि ‘शुद्ध’ या दोन अटींमुळे धनुर्वात बाहेर पडला, कारण त्यात ताठरपणा सतत टिकतो आणि रोगी शुद्धीवर असतो. तापाची आकडी मात्र या व्याख्येतून वगळली जात नाही, आणि पुढच्या अनेक शतकांतला घोळ तिथेच सुरू झाला असे मी समजतो. ‘अधूनमधून’ म्हणजे किती वेळा, आणि दोनदा तापातच झटका आला तर त्याला काय म्हणायचे, हे गॅलनने सांगितले नाही. पाचव्या शतकाच्या आसपास लॅटिनमध्ये लिहिणारा सीलियस ऑरेलियानस तर अपस्माराला ‘बालरोग’ असेही म्हणतात, कारण तो त्याच वयात फार आढळतो, असे नोंदवतो. मुलांमध्ये जे फार आढळत होते त्यात अपस्मार किती आणि तापाची आकडी किती, याचा अंदाज वाचकाने करावा.

आता आपल्याकडे वळू. आयुर्वेदात अपस्मार हा स्वतंत्र रोग आहे. चरकाने त्याला स्मृतीचा अपगम म्हटले, वात, पित्त, कफ आणि सन्निपात (तिन्ही दोष एकत्र) असे चार प्रकार सांगितले आणि वेग पंधरा दिवसांनी, बारा दिवसांनी किंवा महिन्याने येतात असे लिहून पुनरावृत्ती हे लक्षणच करून टाकले. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात यावर एक सुंदर शंकासमाधान आहे. दोष शरीरात सतत असताना झटका मधूनच का येतो, या प्रश्नाचे उत्तर तिथे असे दिले आहे की, पाऊस पडून गेला तरी जमिनीतली काही बीजे शरदातच उगवतात, तसेच व्याधीचे आहे. दोन झटक्यांच्या मधला निरोगी काळ हाही रोगाचाच भाग आहे, हे समजल्याशिवाय असा प्रश्न कुणाला पडत नाही. आक्षेपक (अंगाचे झटके) आणि धनुस्तंभ (अंग धनुष्यासारखे ताठणे) हे या संहितांनी वातव्याधींच्या प्रकरणात ठेवले आहेत, अपस्मारात नाही. ही विभागणी गॅलनच्या विभागणीशी जवळची आहे.

लहान मुलांसाठी मात्र सुश्रुतसंहितेने वेगळेच दालन उघडले, ते बालग्रहांचे, म्हणजे मुलांना पछाडणाऱ्या अदृश्य शक्तींचे. ग्रह म्हटले की आधुनिक वाचक पान उलटतो आणि त्यातले निरीक्षण गमावतो. नऊ ग्रहांपैकी स्कंदापस्माराचे वर्णन पाहावे: मूल बेशुद्ध होते आणि पुन्हा शुद्धीवर येते, हातापायांनी नाचल्यासारखे करते, मलमूत्र सुटते, जांभया येतात आणि तोंडातून फेस येतो. याच्याशेजारी नैगमेषाचे वर्णन ठेवावे: फेस येतो, शरीर मध्यावर वाकते, दृष्टी वर लागते, सतत ताप असतो आणि मूल बेशुद्ध असते. पहिल्यात शुद्ध परत येण्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि तापाचा नाही. दुसऱ्यात सतत ताप आहे आणि शुद्ध परत येण्याचा उल्लेख नाही. स्कंदग्रहात वाकडे तोंड, एकाच बाजूच्या डोळ्याची बिघडलेली हालचाल आणि घट्ट आवळलेल्या मुठी आहेत. या नावांना आजच्या निदानांच्या चिठ्ठ्या चिकटवण्याचा मोह काही लेखकांना होतो, तो मला मान्य नाही. मात्र तीन वेगळ्या चित्रांना तीन वेगळी नावे देणाऱ्याने ती चित्रे वेगळी पाहिली होती, एवढे म्हणायला हरकत नाही.

आणि इथेही भेदाचा खरा उपयोग साध्यासाध्यतेसाठीच, म्हणजे रोग बरा होणारा आहे की नाही हे ठरवण्यासाठीच, केलेला दिसतो. जे मूल ताठरले आहे, स्तनाला तोंड लावत नाही आणि पुन्हा पुन्हा शुद्ध हरपते, त्याला ग्रह लवकरच मारतो. याच्या उलट असेल आणि आजार ताजा असेल तर उपचार करावेत, असे सुश्रुत सांगतो. दूध न पिणे, बेशुद्धी आणि झटके ही आजही आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत शिकवल्या जाणाऱ्या बालरोग-मार्गदर्शिकेतील धोक्याची चिन्हे आहेत. ग्रहाची कल्पना गेली आणि चिन्हे राहिली. कौमारभृत्यावरची, म्हणजे बालवैद्यकावरची, काश्यपसंहिता, जिचे नेपाळात सापडलेले हस्तलिखित १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केले, बोलता न येणाऱ्या मुलाची वेदना कशी ओळखावी यासाठी एक अख्खा अध्याय देते. मूल अकारण मोठ्याने हसू लागणे हे अपस्माराचे चिन्ह म्हणून तिथे येते. हसण्याच्या रूपाने येणारे झटके हा अपस्माराचा दुर्मीळ पण खरा प्रकार आहे, आणि तापाच्या आकडीत तो दिसत नाही.

दातांचा विषय टाळता येत नाही, कारण फरकाची वाट सर्वांत जास्त काळ त्यानेच अडवून धरली. हिपॉक्रेटिसची सूत्रे म्हणतात की दात येताना हिरड्यांना खाज, ताप, आकडी आणि जुलाब होतात, विशेषतः सुळे येताना आणि लठ्ठ व मलावरोध असलेल्या मुलांत. इब्न सीनानेही अकराव्या शतकात तेच लठ्ठ मूल आणि त्याच दातांची आकडी सांगितली. वाग्भटाने दंतोद्भेद हे सर्व रोगांचे कारण म्हटले, पण लगेच असेही बजावले की, दात येतानाच्या रोगांत मुलाला फार जाचू नये, कारण दात आले की ते रोग आपोआप शमतात. कारण चुकले असले तरी सल्ला उत्तम होता. युरोपात नेमके याच्या उलट घडले. सोळाव्या शतकापासून, फ्रेंच शस्त्रवैद्य अँब्रोज पारे याच्या काळापासून, आकडी आलेल्या मुलाच्या हिरड्या चिरण्याची पद्धत रूढ झाली आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत टिकली. दात सहा महिने ते अडीच वर्षे या काळात येतात आणि तापाची आकडीही याच काळात सर्वाधिक येते. एवढ्या योगायोगावर अनेक शतके शस्त्र चालले.

अरबी वैद्यकाबद्दल थोडेच सांगतो. अर-राझीच्या नावावर असलेले बालरोगांवरचे पुस्तक युरोपात लॅटिनमधून वाचले गेले आणि त्यात मुलांच्या अपस्मारावर प्रकरण आहे. परंतु ‘उम्म-अस-सिब्यान’ (शब्दशः ‘मुलांची आई’) या एका नावाखाली लेखकांनी निरनिराळे झटके घातले आणि ती गाठ लॅटिन ग्रंथांतही तशीच उतरली.

सतराव्या शतकात लंडनच्या मृत्युनोंदींत ‘आकडी’ आणि ‘दात’ ही मृत्यूची स्वतंत्र कारणे म्हणून छापली जात. जॉन ग्राँटने १६६२ साली वीस वर्षांच्या २,२९,२५० मृत्यूंपैकी ७१,१२४ मृत्यू आकडी, दात, जंत, मुडदूस अशा शीर्षकांखाली मोजले आणि ही सारी मुले चार-पाच वर्षांखालची असावीत असा अंदाज बांधला. आकडी हा आजार न राहता मृत्यूच्या आधीची शेवटची घटना म्हणून नोंदला जात होता. त्यात मेंदूज्वर असेल, जुलाबाने शोष पडला असेल, नवजात धनुर्वात असेल. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चार्ल्स वेस्ट यांनी हे नेमके पकडले. १८५२ साली मुलांचे रुग्णालय स्थापणाऱ्या या वैद्याने म्हटले की, प्रौढात जिथे तापात बडबड आणि भ्रम दिसतो तिथे तान्ह्या मुलात बहुधा आकडी दिसते. म्हणजे आकडी हे लक्षण, आणि रोग अन्यत्र. त्याआधी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बॉसिए द सोव्हाज यांनी तात्कालिक झटक्यांना जुनाट अपस्मारापासून वेगळे करून ‘एक्लॅम्प्सिया’ हे स्वतंत्र स्थान दिले होते. हे नाव आता गरोदरपणातील झटक्यांपुरते उरले असले, तरी एके काळी मुलांची आकडीही त्याच नावाने ओळखली जात असे.

उलट दिशेने होणारी चूक, म्हणजे खरा अपस्मार ओळखूच न येणे, याचे सर्वांत हृद्य उदाहरण १८४१ सालच्या ‘लॅन्सेट’मध्ये आहे. टनब्रिजचे डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट (वरच्या वेस्टांशी यांचा संबंध नाही) यांनी स्वतःच्या सुमारे वर्षभराच्या मुलाविषयी पत्र लिहिले. चौथ्या महिन्यापर्यंत धडधाकट असलेले मूल डोके पुढे झुकवू लागले, हे झुकणे काही सेकंदांच्या अंतराने दहा-वीस वेळा होई, दिवसातून दोनतीनदा असे हल्ले येत आणि मुलाची बुद्धी व हालचाल मागे पडत चालली. जळवा, रेचके, गरम पाण्याची स्नाने आणि अर्थातच हिरड्या चिरणे, सारे करून झाले. यात ना फेस होता, ना पडणे, ना ताप. त्यामुळे ते अपस्मारात बसत नव्हते आणि नेहमीच्या आकडीतही नाही. आजाराची पुढची वाटचाल पाहून वडिलांनी ही वेगळी व्याधी आहे हे ओळखले. आज तो विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि अपस्माराच्या गंभीर प्रकारांत मोडतो.

मग निर्णायक फरक केव्हा झाला? माझ्या मते तापमापकाने निम्मे काम केले. वुंडरलिख यांचा तापमानावरचा ग्रंथ १८६८ चा, आणि ऑलबट यांनी खिशात मावणारा लहान तापमापक त्याच सुमारास बनवला. त्यापूर्वी ‘तापात आली’ हे कपाळावरच्या हातावर ठरत असे, आणि झटक्यानंतर अंग थोडे गरम होतेच. १८९१ साली क्विंके यांनी कण्यातून पाणी काढण्याची पद्धत आणली आणि मेंदूज्वर जिवंतपणी वेगळा काढता येऊ लागला. मुडदुसातील कॅल्शियमची आकडी तिसऱ्या बाजूने बाहेर पडली. १९२९ मध्ये बर्गर यांचा मेंदूचा विद्युत्-आलेख आला, तरी तापाच्या साध्या आकडीसाठी त्याचा उपयोग आजही मर्यादितच आहे. हा आलेख सर्वांना काढावा असा आग्रह पालक धरतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

राहता राहिला उपचारांच्या यशाचा प्रश्न, जो या विषयात हमखास निघतो. गॅलनने एका मुलाविषयी लिहिले आहे: गळ्यात पिओनी वनस्पतीची मुळी बांधलेली असताना आठ महिने झटका आला नाही, ती पडली आणि झटका आला, पुन्हा बांधली आणि थांबला, गॅलनने खात्रीसाठी ती स्वतः काढून पाहिली, झटका आला, आणि पुन्हा बांधल्यावर मूल बरे राहिले. एवढ्या काटेकोर माणसाची एवढी फसगत झाली, कारण बालवयातील झटके मुळातच अनियमित असतात आणि बहुतेक मुलांत वयाबरोबर संपतात. आपल्याकडचे वेखंड, ताईत, दृष्ट काढणे आणि झटक्यात कांदा किंवा वहाण हुंगवणे यांची प्रतिष्ठा याच कारणाने टिकली आहे: साधी आकडी एकदोन मिनिटांत आपण होऊन थांबते, आणि श्रेय हातात जे असेल त्याला मिळते. डाग देणे मात्र निरुपद्रवी नाही आणि ते कुणीही करू नये. झटका चालू असताना मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट रुग्णालय गाठावे.

जुन्या वैद्यांकडे नव्हती ती गोष्ट म्हणजे शेकडो मुलांचा वर्षानुवर्षे सलग पाठपुरावा. १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तापाची आकडी आलेल्या १,७०६ मुलांना सातव्या वर्षापर्यंत पाहिले गेले आणि त्यांतील सुमारे २ टक्क्यांनाच पुढे अपस्मार झाला. ज्यांची आधीची वाढ व्यवस्थित होती आणि आकडी साधी होती, त्यांच्यात धोका इतर मुलांहून फारसा जास्त नव्हता. आकडी पंधरा मिनिटांहून अधिक चालली, एकाच अंगाची होती किंवा एकाच दिवसात पुन्हा आली, वाढ आधीपासूनच मागे होती, किंवा आईवडील-भावंडांत तापाशिवायचे झटके होते, तर धोका वाढत गेला. ‘पवित्र रोगाविषयी’ लिहिणाऱ्याने ज्या वाकड्या हाताला आणि वाकड्या तोंडाला सुटकेची खूण मानले, ते एका अंगाच्या मेंदूइजेचे लक्षण असते, आणि तसे मूल माझ्याकडे आले तर मी त्याच्या आईवडिलांना वर्षानुवर्षे तपासणीला यायला सांगतो.